शिल्लक जागा

"दोन तासांचं काम आहे," असं गुरुवारी सकाळी अकोल्याहून निघताना मुजम्मिलने बायकोला सांगितलं. हे वाक्य त्याने लग्नापासून इतक्या वेळा म्हटलं होतं, की अकीलाने पोळपाटावरून मान वर न करता फक्त एवढंच विचारलं, "कौन से दो घंटे?"

जठारपेठेत मुजम्मिलचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. काम चोख होतं, हात सफाईचा होता. वेळेचा अंदाज तेवढा चुकायचा. पण या वेळी चुकून चालणार नव्हतं. शुक्रवारी दुपारी चार वाजता त्याच्या मेहुणीची, अरीबाची मंगनी होती. अकीलाला भाऊ नव्हता, वडील गुडघ्यांनी अधू. बुलढाण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना दारात सामोरं जायला घरात एकच कर्ता पुरुष होता, तो म्हणजे थोरला जावई.

"कल सुबह दुकान भी नहीं खोलता," मुजम्मिल म्हणाला. "आज दोपहर में वापस."

काम अमरावतीजवळच्या भातकुलीचं होतं. तिथे एका शेतकरी सेवा संस्थेचं बियाणं तपासणी केंद्र होतं. तीन खोल्या आणि पुढे एक लांब ओसरी. शेतकरी घरच्या बियाण्याची ओंजळ घेऊन यायचे. पौर्णिमा नावाची मुलगी त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या कागदात मांडायची, कागदाची गुंडाळी करून प्लास्टिकच्या पिशवीत घालायची आणि नावाची चिठ्ठी लावून मांडणीत उभी करायची. आठ दिवसांनी गुंडाळी सोडून किती दाण्यांना कोंब आले ते मोजायचं, आकडा कॉम्प्युटरमध्ये भरायचा, की कॉम्प्युटर चिठ्ठी छापून द्यायचा: उगवण इतके टक्के, एकरी बियाणं इतकं.

दोन हजार चौदा साल होतं. पाऊस महिनाभर उशिरा आला, आला तसा गेला, आणि सोयाबीनच्या शेंगांत दाण्यांऐवजी हवा भरली. भातकुलीच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचं खारं पाणी पिकाला देता येत नाही. जमिनीत जी ओल उरली असेल तिच्यावर हरभरा पेरायचा आणि वाट पाहायची. त्यातही ओल रोज बोटभर खाली चालली होती. विकतचं बियाणं घ्यायची कोणाची तयारी नव्हती. घरात मागच्या वर्षीचा जो हरभरा कणगीत होता तो उगवतो की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि दोनशे चौदा घरांनी तो प्रश्न पौर्णिमेच्या मांडणीत आणून ठेवला होता.

नेमका त्याच आठवड्यात संस्थेच्या अमरावतीच्या कार्यालयाने नवा कॉम्प्युटर पाठवला. जुनी विंडोज आता कंपनीने बंद केली आहे, जुनं यंत्र ताबडतोब जमा करावं, असा सोबत आदेश. नवा कॉम्प्युटर देखणा होता. एकच अडचण होती. चिठ्ठी छापण्याचा प्रोग्राम दहा वर्षांपूर्वी कुण्या विद्यार्थ्याने करून दिला होता. तो नव्या विंडोजवर उघडतच नव्हता, आणि तो विद्यार्थी आता कोणत्या देशात असतो हेही कोणाला ठाऊक नव्हतं.

"घाबरू नका काका," मुजम्मिलने केंद्रप्रमुख नत्थुजींना समजावलं. नत्थुजी कृषी खात्यातून निवृत्त झालेले, डोक्यावर टोपी, खिशात दोन पेन. "मी काय करतो, तुमचा जुना कॉम्प्युटर आहे तसाच्या तसा नव्याच्या पोटात ठेवतो. नवा चालू केला की त्याच्या आत जुना चालू होईन. त्याले समजणार बी नाही का आपलं शरीर गेलं म्हणून."

"मंग बरं हाये त्याचं," नत्थुजी म्हणाले. "आमाले तं रोज समजते."

साडेबारापर्यंत सगळं ठरल्यासारखं झालं. जुन्या यंत्राची अख्खी नक्कल नव्यात उतरली. नव्या पडद्यावर एक चौकट उघडली आणि त्या चौकटीत जुनी विंडोज, तिचं जुनं हिरवं चित्र, पौर्णिमेच्या जुन्या फायली, सगळं तसंच्या तसं उभं राहिलं. ओसरीवर बसलेले चार-पाच जण आत येऊन पाहून गेले. नवा कॉम्प्युटर घेऊन आलेली संस्थेची गाडी बाहेर उभीच होती. नत्थुजींनी जुनं यंत्र तिच्यात चढवलं, सही घेतली आणि गाडी अमरावतीला गेली. मुजम्मिलने अकीलाला फोन करून सांगितलं, "बस, निकलताच."

पौर्णिमेने पहिली गुंडाळी सोडली, कोंब मोजले, त्र्याऐंशी हा आकडा भरला आणि बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली: 'जागा अपुरी. शिल्लक जागा : 112 एमबी. किमान 500 हवी.'

"भाऊ, हे काय म्हणून राहिलं?" पौर्णिमेने विचारलं.

मुजम्मिल वाकून पाहू लागला. जुन्या यंत्राची डिस्क चाळीस जीबीची. तिचे दोन भाग, सी आणि डी. सी फक्त दहा जीबीचा, काठोकाठ भरलेला. त्यातच विंडोज आणि त्यातच प्रोग्राम. नव्या घरात येताच जुन्या विंडोजने स्वतःच्या सोयीच्या चार गोष्टी बसवून घेतल्या होत्या आणि होती नव्हती ती जागा खाऊन टाकली होती.

"हे काही नाही," तो म्हणाला. "बाहेरून डिस्क मोठी करतो. नव्यात पाचशे जीबी आहे, जुन्याले एकशेवीस देऊन टाकू. पाच मिनिटं."

त्याने आज्ञा दिली. यंत्राने नकार दिला. कारण सकाळी, काही बिघडलंच तर परत येता यावं म्हणून, मुजम्मिलने त्या चौकटीतल्या कॉम्प्युटरची आहे त्या अवस्थेत एक नोंद धरून ठेवली होती. अशी नोंद असेपर्यंत डिस्कचा आकार बदलत नाही. म्हणजे ती सावधगिरी आधी पुसायला हवी होती. त्याने पुसायला लावली. पडद्यावर हिरवी पट्टी आली आणि खाली अक्षरं: 'उरलेला वेळ ७ मिनिटं.'

सव्वा वाजता सात मिनिटं उरली होती. दोन वाजता सात मिनिटं उरली होती. नत्थुजींच्या घरून वांग्याची भाजी आणि भाकरीचा डबा आला, तो खाऊन झाला, तेव्हाही सात मिनिटंच उरली होती.

ओसरीवर आता पंचवीस-तीस माणसं झाली होती. त्यांत मैनाबाई सगळ्यांत पुढे, उंबऱ्याला टेकून. पूर्णेकाठच्या जवळच्याच गावची बाई, साठीची, चार एकराची पेरणी स्वतः उभी राहून करवणारी. तिची गुंडाळी मांडणीत दुसऱ्या ओळीत होती आणि तिची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

"नत्थुजी भाऊ, मायी गुंडाई तं दिसून राहिली मले," ती म्हणाली. "खोलून पाहा ना बापा. काहून ठेवली तशी?"

"खोलून काय करू बाई? चिठ्ठी निंगत नाही. चिठ्ठीबिगर निकाल सांगाचा नाही, असा नियम हाये."

नियम संस्थेचे अध्यक्ष खुशालराव यांनी केला होता, आणि त्याला कारण नत्थुजींचं अक्षर होतं. पूर्वी नत्थुजी हाताने निकाल लिहून देत. एका वर्षी त्यांनी लिहिलेला सतराचा आकडा एकाने सत्त्याहत्तर वाचला आणि तीन एकर पेरून बसला. तेव्हापासून कागदावर काही लिहायचंच नाही. मोजायचं आणि थेट कॉम्प्युटरमध्ये भरायचं.

चार वाजता पट्टी एकाएकी संपली. मुजम्मिलने डिस्क एकशेवीस केली, यंत्राने या खेपेला ऐकलं, आणि त्याने विजयाने चौकट उघडली. आत सी दहा जीबीचाच होता.

मग त्याने डिस्कचा नकाशा उघडला. आडवी पट्टी: डावीकडे सी, तिला चिकटून डी, आणि डीच्या पलीकडे नवी ऐंशी जीबी, कोरी, कोणाच्याच उपयोगाची नाही.

नत्थुजींनी चष्मा लावला. "हे सीचं वावर," ते बोट ठेवत म्हणाले. "त्याच्या धुऱ्याले लागून डीचं वावर. अन् तू जमीन घेतली डीच्या पल्याड. मंग सीले जोडशीन कशी? मधात डी हाये ना."

आयुष्यात प्रथमच गिऱ्हाइकाला एवढ्या लवकर समजलं होतं, आणि त्याचा मुजम्मिलला काडीचाही आनंद झाला नाही. "बरोबर," तो म्हणाला.

"मंग डीले उठवा ना तिथून," मैनाबाई उंबऱ्यावरून म्हणाली. "कोण हाये त्या डीत?"

पौर्णिमेने डी उघडून पाहिला. डीमध्ये खुशालराव होते. गेल्या दहा वर्षांतले त्यांचे सत्कार, उद्घाटनं, षष्ट्यब्दीपूर्ती, शाल आणि नारळ, असे सत्तावीस जीबीचे व्हिडिओ.

फोन लावावा लागला. नत्थुजी उभे राहून बोलले. पलीकडून येणारा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येत होता.

"हलवा, पण काही कापाकापी करू नका. मोर्शीचा सत्कार आहे का त्यात? संत्र्याचा हार घातला होता तो?"

"हाये साहेब."

"तो आधी पाहून घ्या. पूर्ण चालते का ते पाहा."

मोर्शीचा सत्कार पूर्ण चालवून पाहण्यात पन्नास मिनिटं गेली. मग सत्तावीस जीबी आतल्या कॉम्प्युटरमधून बाहेरच्या कॉम्प्युटरमध्ये यायला निघाले, ते नदी ओलांडणाऱ्या गुरांसारखे, एकेक थांबत, मागे बघत. सहा वाजून गेले. ओसरीवरची माणसं उठून गेली. मैनाबाई जाताना म्हणाली, "उद्या लवकर करजो बाबू. ओल थांबत नाही कोणासाठी."

अकीलाचा फोन आला. मुजम्मिलने सगळं सांगायचा प्रयत्न केला: सी, डी, मधलं वावर, अध्यक्षांचा हार.

"मेरे को इत्ता बताओ," ती म्हणाली, "कल चार बजे आप यहां रहते के नहीं?"

"रहता."

"दो घंटे में?"

त्याने फोन खिशात ठेवला. तो नत्थुजींच्या घरी जेवला आणि त्यांच्याच घरी झोपला.

शुक्रवारी सकाळी आठला त्याने डी पुसला. जुनी विंडोज चालू असताना स्वतःचंच घर वाढवू शकत नाही, म्हणून ती बंद करून, एका वेगळ्या सीडीवरून तो सी ताणायला बसला. वीस टक्के, चाळीस टक्के. ओसरी पुन्हा भरली होती. बासष्ट टक्क्यांवर खोलीतला पंखा हळू झाला, आणि मग थांबला.

"भारनियमन," नत्थुजी म्हणाले. "पण नऊले जाते. आज साडेआठलेच गेली."

"यूपीएस आहे ना?"

"हाये ना." नत्थुजींनी टेबलाखालच्या काळ्या पेटीकडे बोट दाखवलं. पेटीला हार घातल्याची खूण अजून होती. ती दोनदा ओरडली, तिसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं आणि मेली.

तासाभराने वीज आली तेव्हा चौकट काळी होती आणि तिच्यात एकच इंग्रजी ओळ होती, की इथे कोणतीही विंडोज सापडत नाही. पौर्णिमेने हळूच विचारलं, "जुना कॉम्प्युटर परत आणायचा का?" नत्थुजींनी अमरावतीला फोन लावला. जुनं यंत्र काल संध्याकाळीच साफ पुसून ठेवलं होतं. त्या कार्यालयात एखादं काम त्याच दिवशी होण्याची ती पहिलीच वेळ असावी.

मुजम्मिल कपाळ धरून खुर्चीत बसला. बाहेर ओसरीवर आता साठ-सत्तर माणसं होती. पण तो अगदीच कच्चा गडी नव्हता. काल सकाळी नक्कल उतरवताना त्याने तिची एक प्रत स्वतःच्या बॅगेतल्या छोट्या डिस्कवर ठेवली होती. पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची होती, एवढंच. नोंद या वेळी धरली नाही. डीचा माल बाहेर सुरक्षित होता. वीज आता साडेबारापर्यंत राहणार होती. त्याने हात चालवला. अकीलाचे दोन फोन आले, ते त्याने उचलले नाहीत, तिसरा पौर्णिमेने उचलून सांगितलं, "भाभी, ते रडून नाही राहिले, पण बोलूही नाही राहिले."

बाराला दहा मिनिटं कमी असताना सी ताणला गेला. चौकट उघडली. जुनी विंडोज उठली. सीवर एकशे दहा जीबी मोकळी जागा होती. दहा वर्षं जी वितभर जागेसाठी रोज जुन्या फायली पुसत आली होती, त्या पौर्णिमेने हा आकडा पाहून तोंडावर हात ठेवला. नत्थुजींनी टोपी काढून टेबलावर ठेवली. ओसरीवर बातमी गेली आणि माणसं दाराशी दाटली.

पौर्णिमेने पुन्हा त्र्याऐंशी भरले. बटण दाबलं.

'जागा अपुरी. शिल्लक जागा :-' आणि पुढे चार आकडी संख्या. 'किमान 500 हवी.'

मुजम्मिलने परत दाबलं. परत तेच. त्याने प्रोग्राम बंद करून उघडला, चौकट बंद करून उघडली, अख्खा कॉम्प्युटर बंद करून उघडला. परत तेच. त्याने खिशातून मोबाईल काढून पडद्याचा फोटो काढला. त्याचा काही उपयोग नव्हता. माणूस अपघाताच्या जागी उभा राहून काहीतरी करतो, तसं ते होतं.

"काका," तो म्हणाला, "मले माफ करा. मले आता समजून नाही राहिलं."

नत्थुजी त्याच्यावर चिडले असते तर त्याला बरं वाटलं असतं. ते चिडले नाहीत. "पाणी पे," ते म्हणाले. "सकाळपासून तू चहावर हाय."

तेव्हा मैनाबाई उंबरा ओलांडून आत आली. तिने पडद्याकडे पाहिलं नाही. ती पौर्णिमेसमोर जाऊन उभी राहिली.

"पोरी, येका गुंडाईत दाणे किती टाकतं तू?"

"शंभर."

"अन् त्या पह्यल्या गुंडाईत उगवले किती?"

"त्र्याऐंशी."

"मंग टक्के किती झाले?"

नत्थुजींनी टोपी उचलून परत डोक्यावर घातली, मग परत काढली. मुजम्मिलने पेला खाली ठेवला.

"त्र्याऐंशी," पौर्णिमा म्हणाली.

"हे सांगाले तो कॉम्प्युटर दोन दिवसापासून जागा मांगून राहिला का?" मैनाबाईने विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

"एकरी बियाणं किती लागते थे बी सांगते ना तो," नत्थुजी क्षीणपणे म्हणाले.

"थे तुमाले नाही येत? तीस वर्षं गावोगाव सायकलवर फिरून तुमी दुसरं काय सांगत होते आमाले?"

खुशालरावांचा नियम अजून भिंतीवर चिकटवलेला होता. नत्थुजींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी पौर्णिमेला वही काढायला सांगितली. "आकड्यात लिहाचं नाही," ते म्हणाले. "अक्षरात लिही. सतरा असलं तं स, त, रा. मंग कोण वाचते सत्त्याहत्तर, पाहतो."

मांडणी ओसरीवर आणली गेली. नत्थुजींनी एकच अट घातली: आपली गुंडाळी आपण मोजायची नाही, शेजारच्याची मोजायची, आपल्या दाण्याबद्दल माणूस उदार होतो. माणसं मांडी घालून बसली. मुजम्मिलच्या हातातही कोणीतरी एक ओला कागद दिला. आयुष्यात त्याने हरभरा फक्त खाल्ला होता. कागदावर पांढऱ्या मुळ्या फुटलेले दाणे ओळीने पडले होते, आणि त्यांच्यात न फुटलेले, फुगून मऊ झालेले, काही काळे.

"काका, ह्याची मुळी वाकडी आहे. धरायची का?"

"वाकडी धर. काळी सोड."

त्याने मोजलेले एकाहत्तर निघाले, पेरायला पुरेसे. ज्याची गुंडाळी होती तो मधल्या वयाचा माणूस उठला, विहिरीपाशी गेला, तोंड धुतलं आणि परत येऊन दुसऱ्याची मोजायला बसला. सगळ्यांचं तसं नव्हतं. साठ, बावन्न, अठ्ठावन्न. गेल्या पावसाळ्यात ज्यांच्या कणग्यांना ओल लागली होती त्यांचं बियाणं मेलं होतं, आणि ते कागदावर असं उघडं पडलेलं दिसत होतं. नत्थुजी एकेकाला सांगत होते: सत्तरच्या वर असलं तर नेहमीसारखं पेर, साठाच्या आसपास असलं तर एकरी पाच-सात किलो जास्त टाक, पन्नासच्या खाली असलं तर पेरूच नको, त्याची डाळ कर.

मैनाबाईची गुंडाळी तिच्या शेजारणीने दोनदा मोजली. दोन्ही वेळा शेहेचाळीस.

चार एकर, वर्षभर राखून ठेवलेला हरभरा. पौर्णिमेने वहीत 'शेहेचाळीस' लिहिताना पेन थांबवला, जणू थोडं थांबल्याने एखादा दाणा उशिरा उठेल.

"लिही ना," मैनाबाई म्हणाली. "इथीसा समजलं थे बरं झालं. वावरात समजलं असतं तं काय केलं असतं मी?" तिने पदर खोचला. "बहिणीकडं हाये दोन पोते हरभरा. घेऊन येतो. पण आठ दिवस नाही थांबता येत हं मले, नत्थुजी भाऊ. तवर जमीन ठणठणीत होईन."

"आन तं खरी," नत्थुजी म्हणाले. "पाहू काय जमते थे."

ती गेली. मुजम्मिलने घड्याळ पाहिलं तेव्हा दोन वाजायला आले होते. त्याने बॅग भरली. नत्थुजी त्याला फाटकापर्यंत सोडायला आले आणि त्यांनी त्याच्या हातात हरभऱ्याच्या पाल्याची वाळवलेली भाजी दिली. न झालेल्या कामाबद्दल भेट मिळण्याची लाज त्याला आतून कुरतडत राहिली.

अमरावतीहून अकोल्याची एस.टी. तीनला सुटली. खिडकीबाहेर काळी, भेगाळलेली, रिकामी वावरं मागे जात होती. त्याने हिशेब केला: पाच वाजता अकोला स्टँड, सव्वापाचला घर. पाहुणे चारला येणार. त्याने अकीलाला फोन केला.

"आराम से आओ," ती म्हणाली. हा स्वर त्याला चांगला माहीत होता. रागावण्याचीही मेहनत घ्यायची नाही असं ठरल्यावर तो लागायचा. "अब्बा खड़े हैं दरवाजे पे. काठी ले के. काम हुआ आपका?"

"नहीं."

मग ती निराळ्याच आवाजात म्हणाली, "खाना खाया?"

मूर्तिजापूरला गाडी दहा मिनिटं थांबली. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून त्याने मोबाईलमधला फोटो उघडला. तीच ओळ. 'शिल्लक जागा :-' आणि चार आकडी संख्या. दोन टिंबं आणि रेघ. आपण नाव :- लिहितो, गाव :- लिहितो, तशी. त्याने फोटो मोठा केला. मग त्याला आठवलं, की कालच्या ओळीत, जेव्हा जागा खरोखरच कमी होती, तेव्हा फक्त टिंबं होती. रेघ नव्हती.

ती रेघ वजाची होती.

मुजम्मिल सीटवर ताठ बसला. प्रोग्राम दहा वर्षांपूर्वीचा, विद्यार्थ्याने केलेला. मोकळी जागा दोन जीबीपेक्षा जास्त असू शकते हे त्या बिचाऱ्याच्या मनातही आलं नसेल. त्याची मोजणी दोनच्या पुढे गेली की उलटी फिरत होती आणि शून्याच्या खाली जात होती. जागा कमी पडत नव्हती. जागा इतकी झाली होती, की त्या प्रोग्रामला ती नाहीच असं वाटत होतं. दोन दिवस ज्यासाठी जीव काढला ते सगळं उलटं करायचं होतं: सीवर काहीही कचरा भरायचा, एक-दीड जीबी तेवढी मोकळी ठेवायची, बस. फोनवरून सांगितलं तरी पौर्णिमेला जमलं असतं.

त्याने तिला फोन लावला.

"ताई, मी मुजम्मिल. सापडलं! कॉम्प्युटर चालू आहे ना?"

"हो भाऊ, चालू हाये. तुमालेच फोन करणार होती मी, का बंद नको करू ना रातच्याला म्हणून."

"नाही नाही, बंद करू नका. आता मी सांगतो तसं..."

"कारण का, मैनाबाईनं बहिणीकडचा हरभरा आणला. थंडीनं कोंब लवकर निंगत नाहीत, अन् तिले तं चार-पाच दिवसात पायजे. मंग नत्थुजीनं सगळ्या खोल्यांत हात लावून पाहिला. घरात येवढी एकच वस्तू गरम हाये. त्याच्यावर ठेवल्या गुंडाया. पिशवीत हायेत, पाणी नाही गळत. ऊब कशी मस्त लागून राहिली! बाकीचे लोकं बी दुसरं बियाणं घेऊन येऊन राहिले आता." तिच्या मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. "तुमी काय सांगत होते भाऊ? काय सापडलं?"

कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली. मुजम्मिलने बाहेरच्या काळ्या रानाकडे पाहिलं.

"किती गुंडाळ्या ठेवल्या वर?" त्याने विचारलं.

"आठ. अजून लय बसतीन भाऊ," पौर्णिमा म्हणाली. "जागाच जागा हाये."

"बसवा," मुजम्मिल म्हणाला. "मागची पंख्याची जाळी तेवढी झाकू नका."